आधी झोपी जाणं, मग वेगळी खोली

मयूर विहार, दिल्ली
पौष

प्रिय पोरी,


लेक दोन वर्षांचा होत आला, आता त्याला वेगळ्या खोलीत एकट्याने झोपायला कसं शिकवू, हा तुझा प्रश्न पोचला. नोएडातल्या तुमच्या सोसायटीत म्हणे बाकीची मुलं आपापल्या खोलीत झोपतात, आणि आपलंच मागे पडलं अशी तुला रुखरुख लागली आहे. ती आधी मनातून काढून टाक. तुझ्या प्रश्नात दोन निराळ्या गोष्टींची गाठ पडली आहे. एक, कुणी न थोपटता, तोंडात बाटली न देता स्वतःहून झोपी जाणं. आणि दुसरी, आईबापांपासून वेगळ्या खोलीत झोपणं. पहिली त्याला शिकवायलाच हवी, त्याच्यासाठी आणि तुमच्यासाठीही. दुसरी मात्र तुमच्या घराच्या सोयीची बाब आहे, आणि ती दोन-तीन वर्षं पुढे गेली तरी त्याचं काही अडणार नाही.

असं का म्हणते ते सांगते. रात्रभर एकदाही जागं न होणारं मूल नसतंच. या वयात झोपेचं एक आवर्तन साधारण तासाभराचं असतं. ते संपताना मूल क्षणभर जागं होतं, कूस बदलतं, आजूबाजूचा अंदाज घेतं आणि सगळं जागच्या जागी असलं तर पुन्हा झोपतं. आपल्या अंथरुणात झोपलेल्या तुला जाग आली राजीव चौक मेट्रोच्या फलाटावर, तर तूसुद्धा घाबरून ओरडशील. नऊ वाजता तुझ्या मांडीवर दूध पीत झोपलेल्या मुलाला दोन वाजता मांडीही सापडत नाही आणि बाटलीही, तेव्हा त्याचं रडणं हा हट्ट नसतो. म्हणून दोन वाजताचा प्रश्न नऊ वाजताच सोडवावा लागतो. बॉस्टनच्या बालरुग्णालयातले डॉ. रिचर्ड फर्बर यांच्या १९८५ च्या पुस्तकाचा गाभा हाच होता, पण लोकांनी त्यांचं नाव ‘मुलाला रडू द्या’ एवढ्यापुरतं लक्षात ठेवलं. त्याच फर्बरनी २००६ च्या सुधारित आवृत्तीत, मूल आईबापांजवळ झोपण्याला असलेला आपला जुना विरोध मागे घेतला. खोलीचा मुद्दा त्यांनी सोडला आणि झोपी जाण्याचा कायम ठेवला, हे मला फार बोलकं वाटतं.

वेगळं झोपलं की मूल स्वावलंबी होतं, असं तुला सांगितलं जाईल. रिचर्ड श्वेडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भुवनेश्वर आणि शिकागो इथल्या कुटुंबांचा तुलनात्मक अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध केला. घरात कुणी कुणाजवळ झोपावं, हा त्याचा विषय. भुवनेश्वरच्या लोकांना लहान मुलाला रात्री एकटं टाकणं हेच मुळी अनुचित वाटत होतं. शिकागोच्या लोकांना नवराबायकोचा एकांत आणि मुलाचं स्वातंत्र्य जपायचं होतं. दोन्हीकडे निवाडा नीतीचा होता, आरोग्याचा नव्हता. कॅलिफोर्नियात दोनशेच्या वर कुटुंबांतली मुलं अठरा वर्षांची होईपर्यंत पाहिली गेली, आणि लहानपणी आईबापांच्या अंथरुणात झोपल्यामुळे पुढे काही बिघडलं असं आढळलं नाही. शिवाय दिल्लीच्या हवेचा विचार कर. मे-जूनमध्ये एका खोलीतला एसी चालतो आणि सगळं घर तिथेच झोपतं. जानेवारीत पारा पाचाच्या खाली उतरतो, घरं आतून तापवलेली नसतात, आणि दोन वर्षांचं मूल रजई अंगावर ठेवत नाही. अशा ठिकाणी एका खोलीत झोपणं हा शहाणपणा आहे. त्याची गादी तुमच्या पलंगाशेजारी जमिनीवर घाल. जागा त्याची, खोली सगळ्यांची.

याच्या उलट आक्षेप तुझ्या सासूबाईंचा असेल, की आमच्या वेळी कुठे कुणी झोपायला शिकवलं? तो मी मनापासून विचारात घेते, कारण त्यात तथ्य आहे. भरल्या घरात मूल आजीकडून काकूकडे जात असे, आणि रात्री उठणाऱ्या बाईला दुपारी डुलकी काढता येत असे. तुम्ही दोघं सकाळी निघता ते अंधार पडल्यावर परतता, आणि मुलाचं झोपणं उशिरावर जातं. भारतासह सतरा देश-प्रदेशांतल्या २९,२८७ लहान मुलांच्या झोपेची पाहणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. तीत आशियातली मुलं पाश्चात्त्य मुलांपेक्षा उशिरा आणि एकूण कमी झोपतात असं दिसलं. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुपारची झोप धरून ११ ते १४ तास झोप हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अकराला झोपून सातला डे-केअरसाठी उठवलेलं मूल हा हिशेब कुठून भरून काढणार? जुनी पद्धत चुकीची नव्हती; ती पेलणारी माणसं आता घरात नाहीत.

तेव्हा करायचं काय, तर रोजचा एकच क्रम धरायचा. जेवण, कोमट पाण्याने अंग पुसणं, दिवा मंद, एक गोष्ट, एक अंगाई, आणि तो जागा असतानाच गादीवर. २००९ मध्ये अशा ठरलेल्या क्रमाचा ४०५ आया आणि त्यांच्या मुलांवर प्रयोग झाला. क्रम पाळल्यावर दोन आठवड्यांत मुलं लवकर झोपू लागली आणि रात्री कमी उठू लागली. खर्च बाळांची प्रसाधनं विकणाऱ्या कंपनीने केला होता, म्हणून त्यातलं लोशन तू खुशाल वगळ. क्रम मात्र ठेव. पहिले काही दिवस गादीशेजारी बसून त्याच्या पाठीवर हात ठेव, मग नुसती बस, मग थोडी दूर, मग दाराशी. डे-केअरमध्ये पाचपर्यंत झोपू देत असतील तर तिथे बोलून ती झोप तीनला संपव, नाहीतर साडेआठला त्याला झोप येणारच कशी? क्रमातला निम्मा भाग बापाने घ्यावा. एरवी ‘फक्त आई’ ही नवी सवय जडते.

तो रडेल, आणि तुझा जीव तुटेल. त्या रडण्याने त्याच्या मनावर कायमचा ओरखडा उठेल ही भीती मी हलकी समजत नाही. मेलबर्नमध्ये झोपेची तक्रार असलेल्या ३२६ बाळांचा अभ्यास झाला. काही आयांना, शेजारी बसून हळूहळू दूर होण्याची हीच रीत किंवा थोड्या थोड्या वेळाने जाऊन समजावण्याची रीत शिकवली गेली, बाकीच्यांना नाही. मुलं सहा वर्षांची झाल्यावर त्यांचं मन, वागणं, आईशी असलेलं नातं तपासलं, तेव्हा दोन्ही गटांत फरक नव्हता. अपाय नव्हता, तसा दूरचा फायदाही नव्हता. ती बाळं तुझ्या लेकाहून लहान होती आणि घरं परकी होती, हे खरं. म्हणूनच दार लावून रडू देण्याचा मार्ग मी तुला सांगत नाही.

सगळ्यात अवघड आक्षेप तू लिहिला नाहीस, पण तो तुझ्या पत्रात जागोजागी आहे. दिवसभर मी त्याला मिळत नाही, मग रात्रीही दूर करू का? पोरी, कायद्याने मिळालेल्या बाळंतपणाच्या रजेचे सव्वीस आठवडे केव्हाच संपले, आणि तू कामावर जातेस यात अपराध काहीच नाही. त्याला तू हवी आहेस हेही खरंच. पण त्याला हवी असलेली आई रात्री दोन वाजताच्या अंधारात अर्धवट झोपेत बाटली भरणारी नव्हे. संध्याकाळचा तो तासभर फोन बाजूला ठेवून पूर्ण त्याचा कर, आणि झोपण्याआधीच्या गोष्टीला घाई करू नकोस. जवळीक तिथे भरभरून दे. शिवाय गादी तुझ्या हाताच्या अंतरावर आहेच.

आता सुरुवात करू नकोस. ही थंडी, सर्दी आणि लग्नसराईचे बँड ओसरू देत. होळीनंतर हवा मोकळी झाली की आरंभ कर. तोवर थंडीसाठी बंद खोलीत अंगीठी तर कधीही नको, तिचा विषारी वायू न दिसता जीव घेतो. मधल्या काळात एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखव. तो घोरत असेल, तोंड उघडं टाकून झोपत असेल तर या शहराच्या हवेत नाकामागची गाठ वाढलेली असू शकते, आणि तिच्यावर कोणताही क्रम चालायचा नाही. रक्तही तपासून घे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षांची ६७ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. लोह कमी असलं की मूल रात्री पाय झाडत राहू शकतं, आणि रात्रीच्या बाटल्यांनी पोट भरलं की ते जेवणातून मिळणारं लोहही घेत नाही. दातही किडतात ते वेगळंच. झोपेसाठी सर्दीचं औषध देण्याचा सल्ला कुणी दिला तर स्पष्ट नाही म्हण. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असं औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच बजावलं आहे. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या आया तान्ह्यांना अफूची बाळगोळी देऊन जात. तान्ह्यांना सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून त्या आयांना दोष देववत नाही. पण निपचित पडलेलं मूल झोपलेलं असतंच असं नाही.

तपासणीचा निकाल आला की मला कळव, आणि डे-केअरवाल्या बाई दुपारच्या झोपेबद्दल काय म्हणतात तेही लिही.

तुझी,
मावशी