वासाचा माग

पणींनी गाई चोरून दूर डोंगरात दडविल्या, तेव्हा त्यांच्या शोधार्थ इंद्राने सरमेला धाडले, अशी कथा वेदकाळापासून चालत आली आहे. परंपरा सरमेला देवशुनी, म्हणजे देवांची कुत्री मानते. रसा नदी ओलांडून ती नेमकी पणींच्या ठिकाणी जाऊन पोहोचली. हरवलेल्या वस्तूच्या शोधासाठी देवांच्या राजालाही कुत्रीचा आधार घ्यावा लागला. मग माणसाची काय कथा! १९९३ साली मुंबईत बॉम्बस्फोट झाले, त्या काळात मुंबई पोलिसांच्या 'झंजीर' नावाच्या लॅब्रॅडोर कुत्र्याने हजारो किलो स्फोटके हुडकून काढली. २००० साली तो मरण पावला, तेव्हा पोलिसांनी त्याला सन्मानपूर्वक अखेरचा निरोप दिला.

हे सामर्थ्य कुत्र्याच्या नाकात असते. गंध ओळखणाऱ्या पेशी माणसाच्या नाकात सुमारे पन्नास-साठ लाख असतात. कुत्र्याच्या नाकात त्या जातीप्रमाणे कित्येक कोटी असतात. हुंगताना तो एका सेकंदात पाच-सहा वेळा श्वास आत ओढतो. बाहेर पडणारा श्वास नाकपुडीच्या बाजूच्या फटीतून निघून जातो. त्यामुळे समोरून येणारा वास विसकटत नाही. स्वयंपाकघरातून आमटीचा वास आला की आपण 'आमटी' एवढेच म्हणतो. कुत्रा मात्र त्या वासातली डाळ, चिंच आणि फोडणी जणू निरनिराळी वाचीत असतो.

ही देणगी केवळ नामांकित जातींना लाभलेली नाही. दारातल्या गावठी कुत्र्यापाशीही ती असते. अशाच एका घरातल्या मोतीची ही हकीकत आहे.

मोतीला वास शोधण्यास शिकवावे, असे त्या घरातल्या मुलाच्या मनाने घेतले. आजोबांनी त्याला रीत सांगितली. प्रथम पुठ्ठ्याचे चार सारखे खोके जमिनीवर मांडावेत. त्यांपैकी एकात, मोतीच्या देखत, उकडलेल्या अंड्याचा लहानसा तुकडा ठेवावा आणि त्याला मोकळे सोडावे. त्याने चुकीचा खोका हुंगला तरी रागावू नये. योग्य खोका सापडला की तेथेच आणखी एक तुकडा देऊन शाबासकी द्यावी. दोन-तीन दिवसांनी तुकडा त्याच्या नकळत ठेवावा. 'शोध' हा शब्द उच्चारताच नाकाने काम करावयाचे, हे कुत्र्याच्या ध्यानी येऊ लागते.

यानंतर लवंगेची पाळी आली. अमेरिकेत पाळीव कुत्र्यांच्या वासशोधाच्या स्पर्धा होतात. तेथील अमेरिकन केनेल क्लबने अशा स्पर्धा २०१७ साली सुरू केल्या. त्यांत शोधावयाचे वास ठरलेले असतात आणि लवंगेचा वास हा त्यांपैकी एक होय. आपल्याकडे तर लवंग प्रत्येक स्वयंपाकघरात असते! आजोबांनी एका छोट्या डबीच्या झाकणाला बारीक भोके पाडून दिली. मुलाने तीत कापडात गुंडाळलेल्या चार लवंगा घातल्या आणि झाकण घट्ट बसविले. कारण लवंग कुत्र्याच्या पोटात जाणे बरे नव्हे. काही दिवस डबी आणि अंड्याचा तुकडा एकाच खोक्यात ठेवले. मग तुकडा वगळून केवळ डबी ठेवली. मोतीने तिच्यापाशी नाक नेले की लगेच त्याला तेथेच खाऊ मिळे. लवंगेच्या पाठोपाठ खाऊ येतो, ही खूणगाठ त्याने मनाशी बांधली.

आजोबांनी आणखी काही गोष्टी सांगितल्या होत्या. रिकाम्या खोक्यांनाही हात लावावा, नाहीतर कुत्रा लवंग सोडून हाताच्या वासामागे जाईल. धडा दहा मिनिटांपेक्षा लांबवू नये. उन्हातून धावून आल्यावर तर मुळीच घेऊ नये. धापा टाकणाऱ्या कुत्र्याला नीट हुंगता येत नाही.

आठ दिवसांत मोती एकदाही चुकेनासा झाला. मुलाला धन्यता वाटली. आजोबा मात्र म्हणाले, "बाळ, तू जरा बाहेर जा. आज डबी मी ठेवतो. ती कुठे आहे, हे तुला कळता कामा नये."

मुलगा आत आला. "मोती, शोध!" मोती खोक्यांभोवती फिरला आणि मुलाच्या तोंडाकडे पाहत उभा राहिला. मुलाला काहीच ठाऊक नव्हते. अखेर मोती भलत्याच खोक्यापुढे जाऊन बसला.

"आजोबा, हा सगळे विसरला!" मुलगा हिरमुसून म्हणाला.

"तो विसरला नाही रे. इतके दिवस योग्य खोक्यापाशी आलास की तू थबकत होतास, खिशाकडे हात नेत होतास. मोती लवंग शोधीतच नव्हता. तो तुझे पाय पाहत होता."

अशीच एक गोष्ट जर्मनीत घडली होती. बर्लिनमधला हान्स नावाचा घोडा खुराने ठोके देऊन गणिताची उत्तरे सांगे. त्याची कीर्ती दूरवर पसरली. १९०७ साली ओस्कार फुंग्स्ट या अभ्यासकाने दाखवून दिले की, हान्सला गणित येत नव्हते. योग्य आकडा येताच प्रश्नकर्त्याचे डोके नकळत किंचित हले आणि तेवढ्यावरून घोडा थांबे. प्रश्नकर्त्याला स्वतःला उत्तर ठाऊक नसले की हान्सही चुके. यात कोणी कोणाला मुद्दाम फसवीत नव्हते, हे विशेष.

खेळात अशी चूक झाली तर फार बिघडत नाही. परंतु पोलिसांच्या कुत्र्याने धन्याच्या मनातली शंका ओळखून खूण केली, तर निरपराध माणसावर आळ येईल. कॅलिफोर्नियात १८ प्रशिक्षित कुत्र्यांची व त्यांच्या शिक्षकांची परीक्षा घेण्यात आली. तिचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. त्या जागी शोधण्याजोगा वास कोठेच ठेवलेला नव्हता. तो असल्याचे मात्र शिक्षकांना सांगितले होते. तरीही बहुतेक फेऱ्यांत 'कुत्र्याने खूण केली' असे त्यांनी कळविले!

मुलाने पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला. आता डबी ताई लपवी आणि खोलीबाहेर जाई. मुलगा हात पाठीमागे बांधून, न थबकता चालत राही. प्रारंभी मोती गोंधळे, तोंडाकडे पाही. तेथे काहीच उत्तर मिळेना, तेव्हा त्याचे नाक हळूहळू जमिनीकडे वळले.

महिन्याभरानंतर एके संध्याकाळी मोती अंथरुणांच्या वळकटीपाशी अडून बसला. "तिथे काय असणार? चल पुढे," असे शब्द मुलाच्या ओठांवर आले, पण त्याने ते गिळले. मोती हलेना. वळकटी सोडली, तो अगदी आतल्या घडीतून डबी खाली पडली. मुलाने मोतीच्या गळ्याला मिठीच मारली.

आजोबा दारातून पाहत होते. ते म्हणाले, "आज मोती शिकला आणि तूही शिकलास. जे आपल्याला ठाऊक नाही, ते ज्याला ठाऊक आहे, त्याला बोलू द्यावे."

स्वाध्याय

१. 'मोती लवंग शोधीतच नव्हता', असे आजोबा का म्हणाले?
२. हान्स घोडा आणि मोती यांच्या गोष्टींतील साम्य सांगा.
३. रिकाम्या खोक्यांनाही हात का लावावा?
४. 'खूणगाठ बांधणे' आणि 'आळ येणे' या वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
५. आजोबांच्या शेवटच्या वाक्याचा अर्थ स्वतःच्या अनुभवातील उदाहरण देऊन स्पष्ट करा.