विजेच्या दाबातून सप्तक

सतारीची तार पडद्यावर आडवी ओढली की तिचा ताण वाढतो, कंप्रता वाढते आणि सूर चढतो. मींड निघते ती अशी. पण ज्या वाद्यात तारच नाही, त्यात सूर चढवायचा कसा?

असे एक वाद्य १९६९ साली अहमदाबादेत आले. तेथील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन या संस्थेत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभारला. रॉबर्ट मोग यांच्या रचनेचा सिंथेसायझर आणि ध्वनिमुद्रणाची टेप-यंत्रे ही तेथील मुख्य सामग्री. पखवाजवादक गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी १९७२ पर्यंत तेथे रचना केल्या.

सिंथेसायझरमध्ये ‘आंदोलक’ नावाचे विद्युत्-मंडल असते. त्यातून सेकंदाला ठरावीक वेळा चढ-उतार करणारा विद्युत्-संकेत निघतो. त्याच गतीने ध्वनिक्षेपकाचा पडदा हलतो आणि सूर ऐकू येतो. आंदोलकाला दिलेला नियंत्रक दाब १ व्होल्टने वाढविला की कंप्रता दुप्पट होते, म्हणजे सूर एक सप्तक वर जातो. मध्य षड्ज २४० हर्ट्‌झचा असेल, तर तार षड्ज ४८० हर्ट्‌झचा होईल.

पेटीसारख्या पट्ट्या वापरल्या, तर हा दाब १/१२ व्होल्टच्या पायऱ्यांनी बदलतो आणि सप्तकात बाराच स्वर मिळतात. मात्र घुंडी सावकाश फिरवून दाब सलग वाढविला, तर दोन स्वरांमधल्या साऱ्या जागा हाती येतात. पेटीला न साधणारी मींड येथे साधते!

अशीच स्वरांवरून घसरत जाण्याची सोय असलेले रोलँड टीबी-३०३ हे यंत्र मुंबईच्या चरणजितसिंग यांनी वापरले आणि १९८२ साली दहा रागांची ध्वनिमुद्रिका काढली.

अहमदाबादच्या ध्वनिफिती मात्र संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. २०१७ साली पॉल पर्गस या ब्रिटिश कलावंताला त्या सापडल्या आणि २०२३ साली त्यांतील निवडक संगीत प्रसिद्ध झाले. बंदिश गुरूकडून शिष्याकडे जाते. असे संगीत बहुधा फितीवरच असते. फीत खराब झाली, की ते कायमचे गेले. म्हणून जुन्या फिती जपणे हेही विज्ञानाचेच काम आहे.

आता गणित करा : २४० हर्ट्‌झच्या सुरासाठी दिलेला दाब २ व्होल्टने वाढविला, तर कंप्रता किती होईल? (उत्तर : ९६० हर्ट्‌झ)