कार्टमधली वस्तू रात्रभर थांबू शकते

प्रश्न : रात्री मोबाईल चाळताना सेल दिसला की कुर्ते, डबे असं काहीबाही मागवते. महिनाअखेरीला हात आखडतो. काय करू?

उत्तर : ताई, स्वतःला दोष देऊ नका. ‘फक्त २ नग शिल्लक’, उलटं पळणारं घड्याळ हे सगळं तुम्हाला विचार करायला उसंत मिळू नये म्हणूनच असतं. खोटी घाई दाखवणं आणि न विचारता कार्टमध्ये जादा वस्तू सरकवणं, या दोन्ही गोष्टी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत निषिद्ध ठरवलेल्या १३ युक्त्यांमध्ये आहेत. असं आढळलं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.

आज रात्रीच ॲपमध्ये सेव्ह केलेलं कार्ड काढून टाका. दर वेळी पर्समधून कार्ड काढून सोळा आकडे भरावे लागले की निम्म्या खरेद्या तिथेच गळतात. ‘पे लेटर’ असेल तर तेही बंद करा. माझ्या मते सगळ्यात घातक तेच. नोटिफिकेशन्सही नकोत. हौसेसाठी वेगळं बचत खातं ठेवा, पगार झाला की ठरलेली रक्कम त्यात टाका आणि यूपीआयला तेवढंच जोडा. आवडलेला कुर्ता कार्टमध्ये राहू दे. सकाळी चहा झाल्यावर कपाट उघडा, तसाच एखादा आधीच आहे का बघा आणि मग ठरवा.