संगणकाची झोंप आणि बाहेरची डिस्क

गेल्या हिंवाळ्यांत, जत्रांचे दिवस चालू असतां, नववीच्या वर्गांतील एक विद्यार्थी एके सकाळीं पहिली घंटा होण्यापूर्वींच शिक्षकांच्या खोलीच्या दाराशीं येऊन उभा राहिला. हातांत एक काळी चपटी डबी आणि तिच्याभोंवतीं गुंडाळलेली वायर. "सर, लाईट पेटता, पण आत कायएक दिसणा नाय," एवढेंच तो बोलला. आदल्या दोन रात्रीं त्यानें गांवच्या जत्रेंतील दशावतार फोनवर टिपला होता. त्या मंडळींत त्याचे आजोबा पखवाज वाजवितात, आणि पुढील वर्षीं आपल्याच्यानें रात्रभर बसवणार नाहीं असें त्यांनीं घरांत सांगून टाकलें होतें.

दशावतारास लिखित संहिता नसते, हें आपल्या भागांतील वाचकांस सांगावयास नको. कथा ठरलेली असते. परंतु संवाद नट त्या त्या वेळीं आपल्या मनानें रचतात. म्हणून आज झालेलें आख्यान उद्यां त्याच शब्दांत पुन्हां होत नाहीं, आणि त्याचें टिपण हरवलें तर तें कोणत्याही दुकानांत विकत मिळत नाहीं. मुलाचा चेहरा उतरला होता तो याचमुळें.

घडलें होतें तें असें. फोनमधील जागा संपली म्हणून त्यानें सर्व चित्रफिती लॅपटॉपवर घेतल्या आणि लॅपटॉपवरून बाहेरच्या डिस्कवर नेण्यास आरंभ केला. नेतांना त्यानें 'कॉपी' न करतां 'मूव्ह' केलें, म्हणजे एक एक फाइल पोंचली कीं तिचें मूळ पुसलें जाणार. काम अर्ध्यावर आलें असतां वीज गेली. बॅटरी वांचावी अशा हिशेबानें त्यानें लॅपटॉपचें झांकण मिटलें आणि तो निजावयास गेला. सकाळीं झांकण उघडून पाहतो तों डिस्क नाहींशी! वायर काढून पुन्हां लावली तेव्हां संगणकानें विचारलें कीं, ही डिस्क वापरण्यापूर्वीं फॉर्मॅट करावयाची काय? मुलगा शहाणा, त्यानें 'नको' म्हटलें. त्या एका उत्तरावर पुढचें सारें अवलंबून होतें. परंतु तें मागाहून. आधीं ही डिस्क निसटली कां, तें पाहूं.

संगणक झोंपतो म्हणजे तो बंद होतो असें नव्हे. साध्या झोंपेंत त्याची तात्पुरती स्मृति तेवढी थोड्याशा विजेवर जिवंत ठेवलेली असते; बाकीचा कारभार थांबतो. दुसरी दीर्घ निद्रा, जिला हायबरनेट म्हणतात. तींत स्मृतींतील सर्व मजकूर आंतल्या डिस्कवर लिहून ठेवून वीज पुरतीच तोडली जाते. अलीकडील पुष्कळ लॅपटॉपांत आणखी एक तिसरा प्रकार आढळतो. पडदा काळा असतो, पण आंत यंत्र अर्धवट जागें राहून इंटरनेटवरील टपाल घेत असतें. घरांत आजी निजलेली दिसावी आणि दाराची कडी जरा वाजतांच तिनें "कोण रे तो?" म्हणून विचारावें, तशांतली ही झोंप.

आतां डिस्ककडे वळूं. ज्या यूएसबी पद्धतीनें आपण ती जोडतों तिचा पहिला नियमग्रंथ १९९६ सालीं निघाला. त्या पद्धतींत एक नियम असा आहे कीं, तारेवर तीन मिलिसेकंद कांहींच हालचाल झाली नाहीं, तर जोडलेल्या उपकरणानें आपण होऊन स्तब्ध व्हावें, आणि स्तब्ध असतां सुमारें अडीच मिलिअँपिअरांहून अधिक वीज ओढूं नये. जागेपणीं त्याच उपकरणास २००० सालच्या दुसऱ्या आवृत्तीप्रमाणें ५०० आणि २००८ सालच्या तिसऱ्या आवृत्तीप्रमाणें ९०० मिलिअँपिअर घेण्याची मुभा असते. आपल्या डबींतील चकत्या सामान्यतः मिनिटाला ५४०० फेरे घेतात. अडीच मिलिअँपिअरांत त्या कशा फिरणार? तेव्हां संगणक झोंपला असतां चकत्या थांबणें हा बिघाड नव्हे, तो नियमच आहे. बिघाड होतो तो बहुतकरून जागें होतांना.

संगणक उठला कीं तो यूएसबीच्या दाराशीं कोण कोण आहे याची हजेरी घेतो. चकत्यांस पुन्हां वेग येण्यास कांहीं सेकंद लागतात, आणि नेमक्या त्याच वेळीं त्यांस नेहमींपेक्षां अधिक वीज लागते; गाडा ओढतांना पहिला धक्का जड जातो, तसें. डबींत एक लहानसें सर्किट असतें, तें डिस्क आणि संगणक यांच्यामध्यें दुभाष्याचें काम करतें. हजेरीच्या वेळीं या दुभाष्यानें वेळेवर 'हजर' म्हटलें नाहीं, किंवा वीज कमी पडून तो गडबडला, तर संगणक त्याचें नांव कापतो. क्षणभरानें तोच 'हजर' म्हणतो. पण आतां तो नवा पाहुणा ठरतो. जुन्या नांवावर ज्या फाइली उघड्या होत्या त्या तशाच लोंबकळत राहतात. विंडोजमध्यें तर पूर्वीं जी डिस्क ई अक्षरानें ओळखली जात होती ती एखादे वेळीं एफ होऊन बसते, आणि मग ती समोर असूनही आपला प्रोग्रॅम तिला शोधीत फिरतो. मॅक संगणक अशा वेळीं डिस्क योग्य रीतीनें बाहेर काढली नाहीं असा ठपका ठेवतो. तो ठपका दिसतो सकाळीं, आणि घटना कदाचित् रात्रींची असते. त्यामुळें माणूस भलत्याच तासांत दोष शोधूं लागतो.

म्हणजे झोंपणारे तिघे आहेत. एक स्वतः संगणक. दुसरें तें यूएसबीचें दार किंवा मधला हब, कारण संगणक जागा असतांही वीज वांचविण्यासाठीं तो एखादें दार मिटूं शकतो. आणि तिसरा डबींतील दुभाष्या. याकडे फार थोड्यांचें लक्ष जातें. पुष्कळ डब्यांत स्वतःचें घड्याळ असतें. कांहीं मिनिटें काम नसलें कीं ती डबी संगणकास न विचारतां चकत्या थांबविते. या तिघांतील अपराधी कोण तें ठरल्यावांचून उपाय करणें म्हणजे कोणत्या दांताची कळ आहे तें न पाहतां दांत उपटणें होय. मीं पाहिलें आहे कीं, लोक एकाच वेळीं दहा ठिकाणच्या खुणा बदलतात, आणि बरें झालें तरी कशानें झालें तें त्यांस कळत नाहीं. प्रयोगशाळेंत आपण एका वेळीं एकच गोष्ट बदलतों. येथेंही तोच क्रम ठेवावा.

प्रथम संगणकास झोंपूंच देऊं नये, आणि डिस्क अर्धा तास नुसती जोडून ठेवावी. तेवढ्यांतही ती निसटली तर संगणकाची झोंप निर्दोष ठरली; दोष दाराचा, डबीचा किंवा वायरीचा. ती टिकून राहिली आणि झांकण मिटून उघडल्यावरच निसटली, तर दोष झोंपेशीं निगडित आहे. नंतर मधला हब काढून डिस्क थेट संगणकास जोडावी व चार्जर लावून पाहावें. ज्या हबला स्वतःचा वीजपुरवठा नसतो तो एकाच दाराचे ५०० मिलिअँपिअर सर्वांत वांटतो, आणि जुन्या नियमाप्रमाणें प्रत्येकाच्या वांट्यास १०० च येतात. त्यावर फिरती डिस्क चालविणें म्हणजे अर्ध्या भाकरीवर नांगर ओढविणें. मग वायर बदलावी. शक्य तों आंखूड घ्यावी. या डब्यांचें रुंद चपटें टोंक वापरून वापरून ढिलें होतें, आणि आपल्या कोंकणच्या चार महिन्यांच्या दमट हवेंत धातूच्या संपर्कांवर काळपट थर बसतो, हें मुंबई-पुण्याच्या माहितगारांस सुचतही नाहीं. आमच्याकडे आलेल्या तक्रारींपैकीं निम्म्यांचा निकाल वायर बदलतांच लागला. शेवटीं तीच डिस्क दुसऱ्या संगणकास लावावी. तेथेंही ती निसटत असेल तर डबी सदोष. एकाच संगणकावर निसटत असेल तर त्या संगणकाची मांडणी पाहावी.

मांडणींत पाहावयाच्या जागा थोड्याच आहेत. विंडोजमध्यें पॉवर ऑप्शन्सच्या आंत 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' नांवाची खूण असते, ती बंद करावी. तेथेंच हार्ड डिस्क किती मिनिटांनीं थांबवावी हेंही ठरवितां येतें. डिव्हाइस मॅनेजरमध्यें 'यूएसबी रूट हब' उघडून, वीज वांचविण्यासाठीं हें उपकरण बंद करण्याची जी परवानगी संगणकास दिलेली असते, ती काढून घ्यावी. कांहीं नव्या लॅपटॉपांत यांतील पहिली खूण दिसतच नाहीं. ती दिसली नाहीं म्हणून घाबरूं नये. डिस्कचें अक्षर बदलत असेल तर डिस्क मॅनेजमेंटमध्यें जाऊन शेवटाकडचें एखादें अक्षर तिला नेमून द्यावें. मॅकमध्यें हार्ड डिस्कांस शक्य तेव्हां झोंपविण्याची खूण काढावी. आणि लांबलचक काम चालू असतां टर्मिनलमध्यें 'कॅफिनेट' ही आज्ञा देऊन ठेवावी, म्हणजे यंत्र आपण होऊन झोंपत नाहीं. कॉफींतील ज्या द्रव्यानें परीक्षेच्या दिवसांत तुम्ही जागतां, त्याचेंच नांव या आज्ञेस दिलें आहे. लिनक्स वापरणारांनीं 'डीमेसेज' ही आज्ञा देऊन नोंदी वाचाव्या. डिस्क कोणत्या क्षणीं गेली व कोणत्या क्षणीं परत आली हें तेथें ओळीनें लिहिलेलें असतें.

इतकें करूनही एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. या खुणांचा उपयोग मुख्यतः संगणक जागा असतां होतो. झांकण मिटल्यावर पुष्कळ यंत्रें यूएसबीच्या दाराची वीज तोडतातच, आणि तेथें आपलें कांहीं चालत नाहीं. म्हणून माझें मत असें कीं, झोंपलेल्या संगणकास डिस्क चिकटून राहावी हा हट्टच धरूं नये. काम चालू आहे तोंवर यंत्रास झोंपूं देऊं नये, आणि काम संपलें कीं 'इजेक्ट' करून डिस्कला निरोप द्यावा, मग झांकण मिटावें. हायबरनेट झालेल्या संगणकाची डिस्क उपटून दुसऱ्या संगणकास लावणें तर विशेष धोक्याचें. पहिला संगणक उठल्यावर डिस्क जशी ठेवली होती तशीच आहे असें समजून लिहूं लागतो, आणि मध्यंतरीं दुसऱ्यानें लिहिलेल्यावर गिरवितो.

निसटण्यानें नुकसान कसें होतें, तें ग्रंथालयाच्या उदाहरणानें समजेल. पुस्तक फळीवर ठेवलें, पण नोंदवहींत चढविण्यापूर्वींच ग्रंथपाल उठून गेला, तर पुस्तक असूनही नसल्यासारखें. विंडोजची एनटीएफएस व लिनक्सची ईएक्सटी-४ या पद्धतींत आपण आतां काय करणार आहों याची आधीं एक टिपणी केली जाते. त्यामुळें मध्यें खंड पडला तरी नोंदवही सांवरतां येतें. एक्सफॅट पद्धतींत ही सोय नाहीं, आणि विंडोज व मॅक दोहोंवर चालावी म्हणून बाजारांतील अनेक डिस्का याच पद्धतीनें बांधलेल्या येतात. विंडोज १० च्या २०१८ अखेरच्या आवृत्तीपासून बाहेरच्या डिस्कवर लिहिणें शक्य तों न तुंबवितां करण्याची रीत मूळचीच ठरविली गेली. परंतु त्यामुळें चालू असलेली नेआण मध्येंच तुटल्यास ती निर्धोक होते असें मुळींच नव्हे.

त्या मुलाची डिस्क एक्सफॅटचीच होती. आम्हीं तिच्यावर कांहींही लिहिलें नाहीं. प्रथम तिच्या कानाकोपऱ्याची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या मोठ्या डिस्कवर उतरविली, आणि जी काय दुरुस्ती करावयाची ती त्या प्रतीवर केली. डिस्क टकटक वाजत असती तर एवढेंही न करतां ती बंद ठेवून जाणत्याकडे पाठविली असती. प्रत तयार होण्यास सबंध दुपार लागली. जी फाइल वीज गेली त्या क्षणीं वाटेंत होती ती लॅपटॉपवर शाबूत निघाली, कारण पुरती पोंचल्याखेरीज मूळ पुसलें जात नाहीं. गेली ती तिच्या आधींची. 'पोंचली' म्हणून जिचें मूळ पुसलें गेलें होतें, पण जिच्या तुकड्यांची नोंद अर्धीच चढली होती. बाकी सर्व मिळाल्या. हिचा पूर्वार्ध तेवढा हातीं आला. गणपति येऊन जातो, मोरावर बसून शारदा येते, संकासुर येऊन लोकांस हंसवितो, आणि आख्यानास आरंभ होणार तोंच चित्र थिजतें.

आतां त्या घरीं दोन डिस्का आहेत. २०१९ च्या ऑगस्टांत तेरेखोल नदीचें पाणी बांद्याच्या बाजारपेठेंत शिरलें होतें, तें त्या घरानें पाहिलेलें आहे. म्हणून एक डिस्क पेठेंतील घरीं आणि दुसरी उंचावर राहणाऱ्या मामाकडे ठेविली आहे. हरवलेलें आख्यान मुलगा आजोबांस विचारून वहींत लिहून काढीत आहे. कोणत्या राजानंतर कोण आला तें आजोबा सांगतात, कोठें कोणता ताल धरला तें मांडीवर वाजवून दाखवितात. नट काय बोलला तें मात्र त्यांस आठवत नाहीं.