त्या जॅकेटला टाका घालू नकोस

अगं, परवा फोनवर तू केवढ्या उत्साहात होतीस. "ताई, झाडं कापायचा चेनवाला कटर घेतला. या वर्षी बागेतली जुनी कलमं मीच छाटणार. आणि एक केशरी जॅकेटही बघून ठेवलंय, मस्त दिसतं." मी 'हो हो' म्हणाले आणि फोन ठेवला. मग रात्रभर तेच जॅकेट डोळ्यांसमोर. म्हटलं, आता सविस्तर लिहावंच.

आधी तुला न आवडणारं सांगते. जॅकेटचा नंबर शेवटचा. कटर लागतो तो जास्त करून पायाला, त्यातही डाव्या, आणि डाव्या हाताला. म्हणून पैसे मोजकेच असतील तर आधी कटरसाठीची पँट घे, निदान पुढून बांधायच्या चॅप्स तरी. मग बूट, हातमोजे, जाळी आणि कानपट्ट्या असलेलं हेल्मेट. ते सगळं झालं की जॅकेट. पण घ्यायचं म्हणजे घ्यायचंच, कारण कलमाच्या फांद्या छातीच्या उंचीवर येतात. पात्याच्या टोकाची वरची बाजू मागच्या एखाद्या डहाळीला नुसती टेकली, तरी कटर उसळून सरळ तोंडाकडे, खांद्याकडे येतो. डोळा मिटायलाही वेळ मिळत नाही. म्हणून खांद्याच्या वर कटर उचलायचाच नाही, जॅकेट असलं तरी.

आता त्या जॅकेटच्या पोटात काय असतं ते ऐक. मला वाटायचं, चिलखतासारखं काहीतरी कडक असेल, चेन त्यावर घासून थांबत असेल. तसं नाहीच मुळी. वरच्या कापडाखाली लांबच लांब, चिवट, सैल धाग्यांचे थर असतात. चेन वरचं कापड फाडते आणि हे धागे भसाभस बाहेर ओढते. ते चेनबरोबर आत जातात, चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाला गुंडाळतात आणि चेन जागीच बसते. स्कूटरच्या चाकात ओढणी गेल्यावर काय होतं, ते आपण दोघींनी बघितलंय ना? तेच. फक्त इथे ते मुद्दाम घडवलेलं असतं. म्हणजे सगळा खेळ धागे मोकळे असण्याचा.

आणि तिथेच मी माती खाल्ली. निसर्ग वादळ आलं ३ जून २०२० ला. आपल्याकडची पडलेली झाडं उचलायला महिने गेले. त्या धावपळीत माझ्या जॅकेटची बाही कुंपणाच्या तारेत अडकली आणि वीतभर फाटली. आपण आईच्या मुली! संध्याकाळी सुई-दोरा घेऊन बसले आणि आतल्या थरासकट असे बारीक, घट्ट टाके घातले की रफूवालाही लाजला असता. तुझ्या भावोजींनाही कौतुकाने दाखवलं. आठवड्याने चेन घासून देणारे काका आले. त्यांनी बाही चिमटीत धरली, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "वहिनी, हे धागे तुम्ही खिळवून टाकलेत. आता हा नुसता शर्ट." चेनने ओढले तरी ते टाक्यांशी अडणार, बाहेर येणारच नाहीत. आठवडाभर मी तो शर्ट घालून अगदी निर्धास्त कटर चालवत होते. नुसत्या आठवणीनेही पोटात गोळा येतो.

म्हणून तू दुकानात गेलीस की रंग नंतर बघ, आधी जॅकेट उलटं कर. आतल्या लेबलवर कटरचं छोटं चित्र हवं आणि ईएन आयएसओ ११३९३ हा आकडा, जुन्या मालावर ईएन ३८१. ते नसेल तर ते रानात घालायचं साधं जॅकेट. दिसायला हुबेहूब तसंच, पण आत काही नाही. त्याच लेबलवर क्लास लिहिलेला असतो: क्लास १ म्हणजे सेकंदाला २० मीटर धावणारी चेन थांबवण्याची चाचणी झालेली, क्लास २ म्हणजे २४ आणि क्लास ३ म्हणजे २८. वीस मीटर म्हणजे ताशी ७२ किलोमीटर, आपली एसटी घाट उतरून सपाटीला लागल्यावर धावते तसं. तुझ्या कटरच्या पुस्तिकेत चेनचा वेग दिलेला असेल, तो ताडून बघ. पण ही चाचणी प्रयोगशाळेतली, ती म्हणजे हमी नव्हे. विजेवर किंवा बॅटरीवर चालणारा कटर असेल तर आणखी जपून. त्याची ओढ वेगळी असते, धागे अडकले तरी तो थांबेलच असं नाही.

मग हाताने चाचपून बघ. जाड थर कुठून कुठपर्यंत आहे? छाती, खांदे आणि बाह्यांवर असतो, पाठीवर सहसा नसतो. घालून दोन्ही हात पुढे कर, कटर धरल्यासारखे. मनगट उघडं पडता कामा नये आणि बाही लोंबताही कामा नये. हे कपडे बहुतेक पुरुषांच्याच मापाने शिवतात, तुला ढगळच होणार. आणि मला माहितेय तू काय म्हणशील: "घेते आत्ता, शिंप्याकडून दंडात टिपा मारून घेईन." नको गं बाई! टीप काय नि रफू काय, धागे दोन्हींत खिळतात. लहान माप मागव, वाट बघ, पण अंगाला बसेल तेच घे.

घालताना मंगळसूत्र काढून ठेव, ओढणी नको, वेणी आत. उकडणार आहेच. काखेत झिप असलेलं जॅकेट मिळालं तर ती उघडून हवा खेळती ठेव. सकाळी लवकर लाग आणि दहाला थांब. पण "जरा पाचच मिनिटं" म्हणून जॅकेट काढून फांदी तोडू नकोस. आणि एकटीने तर मुळीच नाही, हाकेच्या अंतरावर कुणीतरी हवंच.

आता धुण्याचं. आंब्याचा चीक, चेनचं तेल, लाकडाचा भुसा हे सगळं आत मुरलं की धागे एकमेकांना चिकटतात. म्हणून काम झाल्यावर ब्रशने झटक आणि लेबलवर सांगितलंय तसं, साध्या साबणाने, कोमट पाण्यात धू. ब्लीच नको, कपडे मऊ करायचं औषध नको, डाग काढायला पेट्रोल-रॉकेल नको, दगडावर धोपटणं तर नकोच. इस्त्रीही नाही, उष्णतेने धागे बिघडतात. सावलीत, वाऱ्यावर वाळव. पावसाळ्याआधी खडखडीत वाळवून टांगून ठेव. ट्रंकेत तळाला कोंबलंस तर बुरशी नाहीतर उंदीर, दोघांपैकी एक जण पोचतोच. बाहेरचंच कापड फाटलं असेल तर पुस्तिकेत सांगितलंय तसंच ठिगळ लाव, सुई आत न नेता.

आणि एकदा का चेन लागली, भले तुला ओरखडाही न येवो, त्या जॅकेटचं काम संपलं. हळहळू नकोस. माझं ते रफू केलेलं मी टाकलं नाही, पण त्याची एक बाही सरळ कापून टाकली, गडी-माणसांतलं कुणी चुकून घालून कटर धरू नये म्हणून. आता करवंदीची जाळी साफ करताना कोयत्याबरोबर घालते. आईने बघितलं असतं तर म्हणाली असती, "एवढं छान शिवलंस आणि मग कापलंस?"

तर बाय, ते केशरी जॅकेट घ्यायच्या आधी मला फोन कर. लेबलवर काय लिहिलंय ते वाचून दाखव. कितीही वाजलेले असोत, मी उचलेन.