टाकीत माणूस उतरवू नका



मांडवीसारख्या जुन्या वस्तीत ड्रेनेज असते. पण शेतावर घर बांधले की सेप्टिक टाकी आलीच. टाकी बांधताना आपण हात आखडत नाही. ती उपसायची वेळ आली की मात्र स्वस्तातला माणूस शोधतो. त्याविषयीच आज चार शब्द लिहीत आहोत.

जून 2019 मध्ये आपल्याच वडोदरा जिल्ह्यात, डभोईजवळच्या फरतीकुई गावी, एका हॉटेलची टाकी साफ करताना सात जण दगावले. आत उतरलेला पहिला माणूस वर आला नाही. त्याला काढायला गेलेलेही वाचले नाहीत. मृतांत चार सफाई कामगार होते व तिघे हॉटेलातले नोकर.

बंद टाकीत मैला कुजताना हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो; पण प्रमाण वाढले की नाकच बधिर होते. म्हणून वास येत नाही यावर विसंबू नये. सोबत मिथेन असतो, तो पेट घेतो. काडी ओढून टाकीत डोकावू नये.

अलीकडे हवा खेळवणाऱ्या टाक्या मिळतात. विजेवर चालणारा छोटा पंप आत हवा सोडतो. त्या हवेवर जगणारे जंतू मैल्याचे विघटन अधिक चांगले करतात आणि बाहेर पडणारे पाणी पुष्कळ स्वच्छ असते. मात्र पंप फार दिवस बंद राहिला तर हे जंतू मरतात आणि टाकी पुन्हा साधी होते. गाळ तर याही टाकीत साचतोच. म्हणून ती घेताना देखभालीचा करार लेखी करून घ्यावा.

टाकी साधी असो वा हवेची, दर दोन-तीन वर्षांनी उपसावी. काम देण्यापूर्वी एवढे विचारावे :

1. पालिकेचा किंवा पंचायतीचा परवाना आहे काय? तो दाखवावा.
2. पंप व नळी असलेली गाडी आहे काय? माणूस आत उतरणार असेल तर काम देऊ नये.
3. मैला कोठे रिकामा करणार? मलशुद्धीकरण केंद्रातच गेला पाहिजे. ओढ्यात नको आणि आपल्या शेतातही नको. कच्च्या मैल्यातील जंतांची अंडी मातीत कित्येक महिने जिवंत राहतात व भाजीबरोबर पोटात जातात.
4. पावती मिळेल काय?

कोणी आत पडलेच तर मागून उतरू नका. 101 वर अग्निशमन दलाला बोलवा.

सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकते. हा कायदा घरमालकालाही लागू आहे.

पण आम्हा ख्रिस्ती लोकांना कायद्याआधीची आज्ञा आहे. अनुवादाच्या 22 व्या अध्यायात सांगितले आहे की नवे घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा करावा. कोणी पडून मेला तर त्याच्या रक्ताचा दोष घरावर येतो. टाकीचे झाकणही तसेच आहे. ते उघडताना जो माणूस आपल्या दारी कामाला येतो, तो आपला शेजारी आहे. संध्याकाळी तो आपल्या मुलांकडे धडधाकट परत गेला पाहिजे. गाडीचे चार पैसे जास्त पडले तरी द्यावेत.