उन्हाळ्यात बदकांची निगा

आपल्या पैठण-गंगापूर भागात मे महिन्यात पारा ४० अंशांपुढे जातो. बदकाला घाम येत नाही. चोच उघडून ते धापा टाकू लागलं की समजावं, जीव तगमगतोय. लगेच सावलीत न्यावं, पाय गार पाण्यात ठेवावेत.

खुराड्याच्या पत्र्यावर आपण उसाच्या पाचटाचा जाड थर देऊ, बाजूला जाळी लावून वारा खेळता ठेवू. पाण्याचं भांडं डोळ्यांपर्यंत चोच बुडेल इतकं खोल हवं. फवारणीचा पंप धुतलेलं किंवा डबक्यातलं कुजकं पाणी पिऊ देऊ नये. बुरशी आलेली शेंगदाणा पेंड मुळीच नको. तिचं विष कोंबडीपेक्षा बदकाला लवकर बाधतं. दाणा सकाळ-संध्याकाळ घालावा.

भर दुपारी आपण लिंबाखाली बसतो. मुक्या जिवालाही सावली द्यायला नको का?